समुद्राजवळ जेवायचं तर समुद्र दिसायलाच हवा का?

मीनल_ऐरोली

नमस्कार मंडळी,

सासूबाई-सासऱ्यांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत. लग्न मार्गशीर्षातलं, पण आमच्याकडे मार्गशीर्षात मासे नाहीत, म्हणून जेवण पौषात. ऐरोलीहून अकरा माणसं निघणार. त्यात दोघं सत्तरीपुढची, दोन पोरं पाच वर्षांच्या आतली आणि एक नणंद, जी मासे खात नाही पण आम्ही खाताना नाकाला पदर लावून बसते. सकाळी निघून रात्री परत. अलिबाग-नागाव-रेवदंडा हा पट्टा ठरलाय.

भांडण आहे ते जेवायचं कुठे यावरून. सासऱ्यांना ताटावरून मान वर केली की समुद्र दिसायला हवा. नवरा त्यांच्या बाजूने: "एवढं लांब जाऊन पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवायचं असेल तर वाशीतच जाऊ." सासूबाईंचं माहेर थळचं. त्या म्हणतात, "समुद्र मी जन्मापासून बघतेय, मला मासा दाखवा."

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या एका हॉटेलात (नाव लिहीत नाही) आम्ही चांगलेच पोळलोय. मेनूकार्डावर पापलेटसमोर किंमत नव्हती, 'अ‍ॅज पर साइज' लिहिलेलं. साइज आम्हाला ताटात आल्यावर कळली आणि प्राइस बिलात. मासा बर्फाच्या चवीचा. सूर्यास्त मात्र फुकट होता, तेवढं कबूल करते.

तर हॉटेल निवडताना जागेला किती महत्त्व द्यायचं? अनुभव सांगा.

वाशीचा_बाळू

पाम बीच रोडला जा. बीच नाही, पण नावात आहे. नवऱ्याचंही समाधान.

तलावपाळी

आम्ही ठाणेकर या बाबतीत सुखी. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसतो, पाण्याकडे बघत पाणीपुरी खातो आणि घरी येऊन बोंबील तळतो. व्ह्यू वेगळा, जेवण वेगळं. दोन्ही एकाच ठिकाणी मागितलं की बिल फुगतं.

नकाशेवाला

प्रश्न चुकीच्या बाजूने विचारला जातोय. समुद्र दिसतो कधी ते आधी बघा.

दुपारी एक वाजता पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर पाण्यावरचं ऊन डोळ्यांत जातं. हॉटेलवाला मग हिरवी नेट सोडतो, की गेला समुद्र नेटमागे. रात्री आठला काळोख. समुद्र फक्त ऐकू येतो, तोही शेजारच्या टेबलावर वाढदिवस नसेल तर. म्हणजे बघण्यासारखा वेळ साधारण पाच ते सात, आणि त्या वेळेला सुरमई थाळी खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या दोन तासांसाठी तुम्ही दुपारच्या जेवणाला जास्तीचे पैसे मोजता.

जेवा गावात. संध्याकाळी किनाऱ्यावर चहा-भजी.

खारघरची_सून

नकाशेवाला, लॉजिक छान आहे, पण तुम्ही म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन कधी गेलायत का? गावात जेवा, मग गाडीत बसा, मग पार्किंग शोधा, मग वाळूतून चाला. आमच्या आईंना गुडघ्यांचा त्रास. वाळूत काठी रुतते आणि प्लास्टिकची खुर्चीही रुतते. आम्ही किनाऱ्यालगतचं हॉटेल घेतलं ते एवढ्यासाठीच की गाडी दारात लागली आणि त्या बसल्या जागेवरून सगळं बघू शकल्या. मासा ठीकठाकच होता. पण घरी आल्यावर त्या माशाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, लाटांबद्दल बोलत होत्या.

मीनल, फोन करून तीन गोष्टी विचारा. पायऱ्या किती, संडास कमोडचा आहे का, आणि तो त्याच आवारात आहे की मागच्या वाडीत. तिसरा प्रश्न विचारायला मी विसरले होते.

सुकटप्रेमी

तिसऱ्या प्रश्नाला कडक अनुमोदन.

दिवाळेकर

मी कोळी, बेलापूरच्या दिवाळे गावातला. जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे समुद्रकिनारा आणि बंदर एकच समजताय. मासा वाळूवर उतरत नाही. जिथे पर्यटक पाय भिजवतात तिथे लाटा फुटतात, तिथे होडी कोण लावेल? होड्या खाडीच्या तोंडाशी नाहीतर धक्क्याला लागतात. उरणकडे करंजा, अलिबागकडे साखर-आक्षी, थळ, रेवदंड्याची खाडी. हॉटेल लाटांपासून पन्नास पावलांवर आहे म्हणून त्याचं म्हावरं ताजं असं काही नसतं. उलट मोठा मासा लिलावाला मुंबईला जातो, ससून डॉकला नाहीतर भाऊच्या धक्क्याला, आणि किनाऱ्यावरची कितीतरी हॉटेलं तिथूनच बर्फात भरून परत आणतात. तुम्ही अलिबागला जाताना बाजूच्या टेम्पोत तुमचंच दुपारचं जेवण चाललेलं असू शकतं.

दुसरं, 'आजचा मासा' म्हणजे काय? मोठी ट्रॉलर आठ-आठ, दहा-दहा दिवस बाहेर असते. सुरमई आज धक्क्याला लागली म्हणजे आज मेली असं नाही. ताजं खायचं तर छोट्या होडीचं खा, जी पहाटे जाऊन दुपारपर्यंत परत येते. मांदेली, बोंबील, कोळंबी, बोय, ढोमी. पण गिऱ्हाईक आलं की पापलेट आणि सुरमईच मागतं. मांदेली सांगितली तर वेटरला वाटतं पैसे कमी पडले.

म्हणून माझं उत्तर: जागेला महत्त्व आहेच, पण समुद्रापासूनचं अंतर मोजू नका. बंदरापासूनचं मोजा.

भाकरतुकडा

वा! 'बंदरापासूनचं मोजा' मी घरी फ्रिजवर लिहून ठेवतोय.

एक शंका. जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा वेटरने छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, सकाळीच आलंय पापलेट."

दिवाळेकर

त्याला विचारायचं, कुठल्या होडीने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खाडीतलं मिळतं किंवा बर्फातलं. सकाळीच आलं असेल, फ्रीजरमधून.

सुकटप्रेमी

आणि पापलेट हा २०२३ पासून आपला राज्य मासा आहे. तळहाताएवढी पिल्लं तळून देतात ती तरी मागवू नका हो. अंडी घालायच्या आधीच ताटात येतात ती.

जून-जुलैत सुकं खावं. माझं नाव उगाच नाही.

केवळ_शाकाहारी

नणंदेची बाजू कोणी मांडणार आहे का? समुद्राजवळच्या हॉटेलात शाकाहारी माणसाला मिळणारी पनीर मसाला ही जगातली सर्वात एकाकी डिश आहे.

चष्मिष्ट

अलिबागला जाऊन पनीर कशाला? वालाचं बिरडं मागा, तांदळाची भाकरी, सोबत पांढरा कांदा. त्या कांद्याला जीआय मानांकन आहे, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांतून पाणी येत नाही. पौषात जाताय तर पोपटीही होईल. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यात. बाकीच्यांच्या मडक्यात कोंबडी आणि अंडी घालतात, नणंदेचं मडकं वेगळं लावायला सांगा. मात्र हे सगळं घरगुती खाणावळीत, आदल्या दिवशी सांगून. रिसॉर्टच्या मेनूत बिरडं सहसा नसतं, गोबी मंचुरियन मात्र असतंच.

कागदवाला

किनाऱ्यालगत अशीच हॉटेलं का दिसतात याला कायदाही कारणीभूत आहे. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र होतं. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते ५० मीटरवर आणलं. दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर माणसं. बाकीकडे २०० मीटर कायम. त्यामुळे अगदी वाळूला लागून जे दिसतं ते एकतर जुनं बांधकाम, नाहीतर बांबू-ताडपत्रीचं तात्पुरतं, नाहीतर ज्याच्याबद्दल न बोललेलं बरं. तात्पुरत्या शेडमध्ये पक्कं स्वयंपाकघर, सांडपाण्याची सोय, स्वच्छतागृह हे सगळं जेमतेमच असणार. २०२० मध्ये राज्याने बीच शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाण्याच्या झोपड्यांचं, धोरण आणलं, त्यात आपल्या रायगडातले वरसोली आणि दिवेआगर होते.

वाशीचा_बाळू

साहेब, धागा जेवणाचा आहे, हरकती-सूचना मागवलेल्या नाहीत.

कागदवाला

तुम्ही संडास शोधत मागच्या वाडीत जाल तेव्हा माझा प्रतिसाद आठवेल.

खारघरची_सून

मला आठवला.

निवांत

मी सरळ विरुद्ध मत मांडतो. ताजा मासा, ताजा मासा काय लावलंय? ताजा मासा दिवाळ्याच्या बाजारात मिळतो, ऐरोलीपासून अर्ध्या तासावर. त्यासाठी पेणमार्गे चार तास गाडी हाकायची गरजच नाही. माणूस अलिबागला जातो तो समुद्रासाठी. आणि तिथे गेल्यावर जेवणाचे दोन तास एका खोलीत पंख्याखाली घालवायचे? सासऱ्यांचं बरोबर आहे.

माझ्या वडिलांना आम्ही शेवटचं बाहेर नेलं ते किहीमला. पथ्य होतं, खाल्लं काय तर दहीभात. हॉटेलवाल्याने टेबल उचलून कठड्याशी नेऊन ठेवलं. त्या दहीभाताचे त्याने थाळीचे पैसे लावले आणि मी न बोलता दिले. महाग होतं का? हो. परत देईन का? हो.

नकाशेवाला

निवांत, यावर वाद घालणार नाही.

पण बाकीच्यांसाठी: किनाऱ्यावरच्या हॉटेलाला तुम्ही परत यावं अशी गरजच नसते. या शनिवारी तुम्ही, पुढच्या शनिवारी दुसरं कोणी. गाड्या येतच राहतात. गावातली खाणावळ मात्र तलाठी, बँकेतले लोक, शाळेतले गुरुजी यांच्यावर चालते. कालवण पाणचट झालं तर ते उद्या शेजारी जातील. मंगळवारी दुपारी जिथे गर्दी तिथे जेवा.

भाकरतुकडा

मंगळवारी दुपारी आम्ही महापे एमआयडीसीत डबा खात असतो हो. गर्दी बघायला कोणाला पाठवू?

चष्मिष्ट

ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना मी फोटो बघते. दहापैकी नऊ फोटो सूर्यास्ताचे, झोपाळ्याचे आणि स्वतःचे असतील तर समजायचं. ताटाचे असतील तर फोन करायचा. आणि 'दुसऱ्यांदा आलो' असं लिहिणाऱ्याचं एक वाक्य पाच तारेवाल्या वीस जणांपेक्षा जास्त धरायचं.

मीनल_ऐरोली

बाप रे, किती प्रतिसाद! सासूबाईंना दिवाळेकरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हा माणूस खरा." सासऱ्यांना निवांत यांचा वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. म्हणजे भांडण जिथल्या तिथे, फक्त आता दोघांकडे वकील आहेत.

नवऱ्याची नवी कल्पना: पौर्णिमेला जायचं, समुद्रावर चंद्र उगवताना बघत जेवायचं.

तलावपाळी

चंद्र पूर्वेला उगवतो. समुद्र पश्चिमेला आहे. हॉटेलच्या मागच्या बाजूला, संडासाजवळ टेबल मागा.

दिवाळेकर

वर आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी सहाला ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पाणी पार लांब. अलिबागला तर त्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात. तुम्ही 'सी व्ह्यू'चे पैसे भरून चिखल बघत बसाल.

जुना हिशोब सांगतो. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण सहलीला पुरतं. संध्याकाळी किनाऱ्यावर बसायचं असेल तर षष्ठी-सप्तमी धरा.

सुकटप्रेमी

आणि चिंबोऱ्या खायच्या तर अमावास्येच्या आसपास, भरलेल्या असतात म्हणतात. पौर्णिमेला नुसतं कवच.

वाशीचा_बाळू

म्हणजे हॉटेल निवडायला आधी कालनिर्णय, मग गूगल मॅप. सोमवार, गुरुवार, शनिवार वार म्हणून बाद, संकष्टी बाद. मीनलताई, तुमच्याकडे वर्षात साधारण चार दिवस उरतात.

दिवाळेकर

हसताय, पण वाराचा मुद्दा खरा आहे. ज्या दिवशी गाव मासे खात नाही त्या दिवशी खाणावळीत उठाव कमी. बुधवार, शुक्रवार, रविवार माल लगेच फिरतो. रविवारी तुमच्यासारख्यांची गर्दी. शुक्रवार बघा.

भाकरतुकडा

अलिबागला जायलाच हवं का? उरणपर्यंत लोकल आलीय, १२ जानेवारी २०२४ पासून. नेरूळहून बसा, उतरून रिक्षाने पिरवाडीचा किनारा. वडखळचा ट्रॅफिक नाही, पार्किंग नाही. बाजूला करंजा बंदर. तिथून रेवसला लाँचही जाते.

खारघरची_सून

अकरा माणसं, दोन पोरं, डबे, टोप्या आणि सासरे लोकलमधून. भाकरतुकडा, तुम्ही बॅचलर आहात ना?

भाकरतुकडा

हो. 😔

मीनल_ऐरोली

जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, क्षमस्व.

दिवाळेकरांचं ऐकून शुक्रवार धरला, षष्ठी होती. नवऱ्याने रजा काढली, कुरकुरत. आधी मी दोन ठिकाणी फोन केले होते. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात विचारलं, "मासा कुठला?" उत्तर आलं, "मॅडम, समुद्राचा." थळजवळच्या एका घरगुती खाणावळीत विचारलं तर बाई म्हणाल्या, "आत्ताच कसं सांगू? होडी आल्यावर बघू." सासूबाईंनी हातातून फोन घेतला आणि पंधरा मिनिटं माहेरच्या गप्पा मारल्या. ठरलं.

वडखळला अडकलोच, शुक्रवार असूनही. पोचेपर्यंत पावणेतीन. बाईंनी जेवण झाकून ठेवलं होतं, भाकऱ्या मात्र आम्ही बसल्यावर थापल्या. मांदेली तळलेली, कोळंबीचं कालवण आणि जिताडा, जो कोणी मागितलाच नव्हता. "मिळाला म्हणून घेतला," एवढंच बोलल्या. भाव आधी सांगितला. नणंदेला बिरडं. तिने दोनदा घेतलं आणि नाकाला पदर लावायचा विसरली. जागा म्हणाल तर अंगण, वर पत्रा, समोर शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर. सासरे जेवताना मान वर करून त्या चादरीकडे बघत होते. मला खरंच वाईट वाटलं.

मग साडेचारला वरसोलीला गेलो. तिथीचा हिशोब तंतोतंत! पाणी अगदी वरपर्यंत. एका टपरीवाल्याने वाळू संपते तिथे पक्क्या जमिनीवर खुर्च्या टाकून दिल्या. सहा चहा, दोन प्लेट कांदाभजी, आणि तासाभराने पुन्हा सहा चहा. त्याने उठा म्हटलं नाही. सासरे सूर्य बुडेपर्यंत हलले नाहीत. सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आल्या तेव्हा हेच गृहस्थ होडीत बसायला घाबरले होते.

निवांत

फोटो टाका.

मीनल_ऐरोली

टाकले असते. नवऱ्याच्या फोनवर आहेत. चौदा फोटो जिताड्याचे आणि एक सासू-सासऱ्यांचा, त्यात सासऱ्यांचं डोकं कापलंय.

चष्मिष्ट

आणि संडास?

मीनल_ऐरोली

मागच्या वाडीत. 😄 पण कमोडचा होता.

केवळ_शाकाहारी

बिरडं सोललेल्या वालांचं होतं की सालासकट? एवढं सांगा, मग धाग्याला कुलूप लावा.

मीनल_ऐरोली

सोललेल्या. नणंद आता दर शुक्रवारी वाल भिजत घालते. सोलायला आम्हाला बसवते.